हंड्यातील मरण आणि रानातील ज्ञान
(अभ्यासपाठ : २ राजे ४:३८-४१)



गिलगालात दुष्काळ होता. एक जण भाजी आणायला रानात गेला आणि ओटीभर रानफळे चिरून हंड्यात टाकली. ती काय आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे शास्त्र मुद्दाम सांगते. अलीशाने हंड्यात घातलेल्या पिठावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. त्या अज्ञानावर क्वचितच.

डहाणू-जव्हारकडच्या वारली बाईला हे ज्ञान असते. कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या चकत्या राखेबरोबर उकडून ती वाहत्या पाण्यात ठेवते. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाची फळे किंवा चिंच घालते. शाळेत न गेलेल्या बाईचे हे शास्त्रच आहे.

लग्नात वारली सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघाट, झाडापेल्यांची देवी. आपली श्रद्धा निराळी. पण रानातल्या हिरवळीला लग्नाच्या साक्षीला बोलावणाऱ्यांकडून शिकायला मला संकोच वाटत नाही.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या लोकांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून पुढे आले. २००३ मध्ये इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांचे प्रदर्शन जर्मनीत भरले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आनंदाचीच गोष्ट. मात्र चौक लिहीत होत्या बायका, आणि कागदावर नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. ऑस्ट्रेलियात एमिली कामे कुंग्वारेये या आदिवासी आजींनी रानकंदाच्या मुळ्यांचे प्रचंड चित्र १९९५ मध्ये रंगवले; तिथे निदान जाणणारी आणि रंगवणारी एकच होती.

म्हणून कळंबच्या पारधी वस्तीवर आम्ही एक नियम केला : आजी सांगेल, मुलगी काढेल, आणि कागदाखाली दोघींची नावे. शहरातून आलेल्या चित्रकलेच्या शिक्षिकेने फक्त रंग कालवायला शिकवले. तरोटा, घोळ, तांदुळजा लगेच झाले. पाथरीला मात्र नमुनाच मिळेना. सोयाबीनच्या बांधांवर तणनाशक फवारलेले. शेवटी आजींनी आठवणीने सांगितले : जमिनीला चिकटलेली पाने, मोडले की दूध, पिवळे फूल. पानाच्या कडेला दाते किती, यावर दोघींचा वाद झाला, आणि मुलींनी दोन्ही पाने काढून ठेवली.