उभी गाडी जास्त धोक्याची

होंडा गोल्डविंग या मोटरसायकलबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पळते किती? साताऱ्याच्या माझ्या भाच्यानेही फोनवर तेच विचारलं. त्याच्याकडे आता पैसे आहेत, हौस आहे, आणि भारतात ही गाडी चाळीस लाखांच्या आसपास रीतसर मिळते. "मामा, घेऊ का?" म्हणाला. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. या गाड्यांच्या जाहिरातींत गाडी कायम धावत असते, थांबताना कुणी दाखवत नाही. आणि माणसाला घाम फुटतो तो थांबतानाच.

मी अमेरिकेत, ओहायोमध्ये राहतो. १९८० पासून जवळजवळ तीस वर्षं गोल्डविंग आमच्याच राज्यात, मेरिसव्हिलच्या कारखान्यात तयार होत होती. पुढे ते काम जपानला गेलं. माझी गाडी त्या मेरिसव्हिलच्या काळातली, १८३२ सीसीची, सहा सिलिंडरांची. पेट्रोल भरून वजन चारशे किलोंच्या घरात, म्हणजे दोन बुलेटच्या बरोबरीने. २०१८ पासूनचं नवं मॉडेल हलकं झालं म्हणतात, पण त्यातलीही लांबच्या प्रवासाची, डिक्क्यांची गाडी पावणेचारशेच्या पुढेच भरते.

चालवायला मात्र लोणी. क्लच सोडून वीस फूट गेलात की ते वजन कुठे गेलं कळत नाही. सिलिंडर तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले असल्यामुळे इंजिनाचा भार खाली राहतो आणि गाडी वळणावर सहज कलते. ताशी पासष्ट मैलांना पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्याही घेत नाही. साखळी नाही, शाफ्ट आहे, त्यामुळे खडखड नाही. मोठ्या काचेमागे वारा बेताचाच लागतो; मागे बसलेल्या बायकोशी इंटरकॉमवर स्वयंपाकघरात बोलावं तसं बोलता येतं. ट्रक शेजारून गेला की हवेचा एक धक्का बसतो तेवढाच.

हे सुखच आधी सांभाळायचं. हलक्या गाडीवर पाठ दुखते, हात बधिर होतात, आणि आपण आपोआप थांबतो. इथे शरीर तक्रारच करत नाही. तहान लागलेली कळत नाही, वेग वाढलेला कळत नाही, आणि संध्याकाळी हॉटेलच्या दारात पोचल्यावर पायांत त्राण नसतं. चारशे किलो पायांवर तोलायचे असतात ते नेमके त्या वेळी. म्हणून टाकीत पेट्रोल असलं तरी दीड-दोन तासांनी उतरायचं, पाणी प्यायचं, चार पावलं चालायचं. शेवटचा थांबा दिवसातला सर्वांत अवघड, हे गृहीत धरून तेवढी ताकद राखून ठेवायची.

व्हर्जिनियातून उत्तर कॅरोलायनात जाणारा ब्लू रिज पार्कवे हा असल्या गाड्यांचा लाडका रस्ता. ४६९ मैल डोंगरमाथ्यावरून, ट्रक नाहीत, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ मैल. रस्त्यावर पेट्रोलपंप एकही नाही, त्यासाठी खाली गावात उतरावं लागतं. वाटेत सव्वीस बोगदे आहेत. आत दिवे नाहीत आणि काही वळणाचे आहेत, तेव्हा हेल्मेटची काळी काच आधीच वर करायची. दरीच्या कडेला गाड्या लावून देखावा बघायला जागोजाग सोय केलेली आहे. त्यातल्या एका जागी आमची गाडी आडवी झाली.

वेग चालण्याइतकाही नव्हता. डांबर संपून बारीक खडी सुरू होत होती आणि जमीन डावीकडे उतरती होती. हँडल डावीकडे वळलेलं, पुढचा ब्रेक दाबलेला, डावा पाय टेकवला तो खडीवरून सरकला. त्याच क्षणी "अहो, उतरते मी," म्हणून बायको मागे उठली होती. गाडी आपटली नाही, नुसती कलत गेली. सरळ उभी असते तेव्हा ती एका बोटाने तोलते. थोडी कलली तर मांडीने आवरते. त्यापुढे एक कोन येतो आणि तिथून पुढे तालमीतला गडीही तिला धरू शकत नाही. तो कोन आला की हँडल सोडायचं आणि पाय बाजूला काढायचा. इंजिनापाशी आणि मागच्या डिक्क्यांपाशी गार्ड असतात, त्यांच्यावर गाडी टेकते आणि अर्धवट आडवी होऊन राहते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडी वाचवायला पाय घातला. गार्डवर ओरखडा उमटला आणि त्यांच्या घोट्यात प्लेट बसली.

या प्रकारात निम्मा वाटा हँडल वळलेलं असताना दाबलेल्या पुढच्या ब्रेकचा असतो. पुढचा ब्रेक लागला की समोरचं सस्पेन्शन दबतं, आणि हँडल ज्या बाजूला असेल त्या बाजूला सगळं वजन कोसळतं. म्हणून शेवटच्या दहा फुटांत पुढच्या ब्रेकवरची बोटं उचलायची, मागचा हलका दाबून ठेवायचा, हँडल सरळ करायचं आणि मग थांबायचं. वळत वळत थांबायचं नाही. उरलेला वाटा जागेचा. कुठे थांबायचं हे थांबण्याआधी ठरवायचं: खडी आहे का, तेल सांडलंय का, पाय टेकेल तिथे खड्डा आहे का, आणि पुन्हा बाहेर कसं पडायचं. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी पायाने मागे ढकलता येत नाही. माझ्या गाडीला स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स आहे, पण पाय खडीवर असतील तर त्याचा उपयोग मर्यादितच. उन्हाळ्यात साइड स्टँड मऊ डांबरात रुततो. त्याखाली ठेवायची छोटी प्लॅस्टिकची चकती डिक्कीत असलेली बरी.

मागे बसणाऱ्याशी करार हवाच. आमच्याकडे आता "उतरू का?" विचारल्याशिवाय ती हलत नाही, आणि माझे दोन्ही पाय टेकून, हँडल सरळ होऊन, ब्रेक घट्ट दाबला गेल्याशिवाय मी "उतर" म्हणत नाही. चढतानाही तेच.

पडलेली उचलायची कशी, तेही सांगतो. आधी किल स्विच बंद करायचा आणि दोन मिनिटं शांत उभं राहायचं. लाजेपोटी एका झटक्यात गाडी उचलायला गेलेल्यांच्या कमरा गेल्यात. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे उचलताना पुढेमागे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा, आणि पाय रेटत छोट्या पावलांनी मागे सरकायचं. वजन मांड्यांनी उचलायचं, कमरेने नाही. पण सर्वांत चांगली युक्ती म्हणजे मदतीची वाट बघणं. आम्हाला पार्कवेवर दोन अनोळखी दाढीवाले स्वार भेटले. त्यांनी एक शब्द न बोलता गाडी उभी केली. आपल्याकडे तर पाच मिनिटांत दहा माणसं जमतील. फक्त त्यांना सांगावं लागेल, आरसे धरू नका, सायलेन्सरला हात लावू नका, भाजेल.

हळू वळण्याचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये, आपल्याच गाडीवर करायचा. इथल्या प्रशिक्षणवर्गात छोट्या गाड्या देतात. वर्ग चांगले असतात, पण चारशे किलोंचा यू-टर्न तिथे शिकून होत नाही. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, मान वळवून नजर जिथे जायचं तिथे. चाकापुढच्या जमिनीकडे बघितलं की तिथेच पोचता. टायरची हवा मात्र थंड गाडीला, घरून निघतानाच बघायची. माझ्या गाडीला पुढे ३६, मागे ४१ पीएसआय. हवा कमी असेल तर हँडल जड लागतं आणि माणूस उगाच स्वतःच्या दंडांना दोष देतो.

भाच्याला हे सगळं ऐकवल्यावर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण एक्सप्रेस-वेला काय मजा येईल!" मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे, मग ती अडीचशे सीसीची असो की अठराशे, याची त्याला आठवण करून द्यावी लागली. जुन्या रस्त्याने घाटातल्या वाहतुकीत, पहिल्या गिअरमध्ये, पाय टेकवत जावं लागेल. म्हणजे या गाडीला जे सर्वांत नकोसं, तेच जास्त. शोरूममध्ये गेलास की चालवून बघण्याआधी तिला साइड स्टँडवरून सरळ कर, हाताने दहा फूट मागे घे, मग बायकोला मागे बसवून परत तेच कर, असं सांगितलं.

त्याच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. रॅम्पला मध्येच वळण आहे आणि वॉचमन रोज सकाळी त्यावर पाणी मारतो. भाचा म्हणाला, पाणी मारणं बंद करायला सांगतो. म्हटलं, आणि पावसाळ्याला काय सांगशील? आधी जुलैत एकदा ॲक्टिव्हा घेऊन त्या वळणावर थांबून बघ, मग मला फोन कर.