विमा प्रतिनिधींचे स्थलांतर आणि पॉलिसीधारकाचे हित

मराठ्यांच्या राजवटीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेला तंजावर जिल्हा आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. येथील शेतकऱ्याची मिळकत कुरुवै व सांबा या भाताच्या हंगामांवर आणि मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते. पीक हाती आल्याशिवाय विम्याचा हप्ता भरणे त्याला जड जाते. हे ओळखून योग्य वेळी हप्त्याची आठवण देणारा, वारसाची नोंद करून घेणारा आणि मृत्यूनंतर दाव्याचे कागद जुळवून देणारा मनुष्य म्हणजे विमा प्रतिनिधी. हा प्रतिनिधी एक कंपनी सोडून दुसरीकडे गेला तर काय होते, हा प्रश्न केवळ त्याच्या उपजीविकेचा नसून ग्रामीण सामाजिक सुरक्षिततेचा आहे.

पार्श्वभूमी

1956 मध्ये 245 विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था यांचे राष्ट्रीयीकरण होऊन 1 सप्टेंबर 1956 रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाचे एक विभागीय कार्यालय तंजावर येथे आहे. पुढील चार दशके आयुर्विम्याच्या प्रतिनिधीला दुसरीकडे जाण्यास वावच नव्हता. मल्होत्रा समितीचा 1994 चा अहवाल आणि 1999 चा विमा नियामक व विकास प्राधिकरण कायदा यांमुळे 2000 पासून खाजगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. नव्या कंपन्यांना तयार ग्राहकवर्ग असलेले अनुभवी प्रतिनिधी हवे होते. स्थलांतराचा प्रश्न येथून सुरू झाला.

कमिशनचे अर्थकारण

1938 च्या विमा कायद्याने आयुर्विम्यावरील कमिशनला सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी हप्त्याच्या 35 टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी 7.5 टक्के आणि त्यानंतर 5 टक्के अशी कमाल मर्यादा घातली होती. समजा, एखाद्या प्रतिनिधीकडे वार्षिक 10 हजार रुपये हप्त्याच्या, तीन वर्षे पूर्ण झालेल्या 300 पॉलिसी आहेत. कमाल दराने त्याला वर्षाला दीड लाख रुपये नूतनीकरण कमिशन मिळेल. ही त्याच्या अनेक वर्षांच्या श्रमांची पुंजी होय. कंपनी सोडल्यास ती धोक्यात येते. याउलट नव्या कंपनीत त्याच हप्त्याच्या एका नव्या पॉलिसीवर पहिल्याच वर्षी 3,500 रुपयांपर्यंत प्राप्ती होऊ शकते. जुन्या ग्राहकाला चालू पॉलिसी मोडून नवी घ्यावयास लावण्याचा मोह येथे निर्माण होतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या विनियमांनी दरनिहाय मर्यादेऐवजी कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेवर भर दिला. तथापि हा मोह त्यामुळे नाहीसा होत नाही.

पॉलिसीधारकाचे नुकसान

पॉलिसी मुदतीपूर्वी मोडल्यास भरलेल्या रकमेचा काही भाग बुडू शकतो. नवी पॉलिसी वाढलेल्या वयाच्या दराने घ्यावी लागते. याहून महत्त्वाची बाब कलम 45 ची आहे. 2015 च्या दुरुस्तीनुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला ती कोणत्याही कारणास्तव आक्षेपार्ह ठरविता येत नाही. नव्या पॉलिसीबरोबर ही तीन वर्षे पुन्हा प्रथमपासून मोजली जातात. जो ग्राहक जुनीच पॉलिसी ठेवतो, त्याची पॉलिसी प्रतिनिधीवाचून ‘अनाथ’ होते. हप्ता चुकतो, पॉलिसी बंद पडते आणि नेमक्या गरजेच्या वेळी संरक्षण उरत नाही. नोव्हेंबर 2018 मधील ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील नारळबागा उद्ध्वस्त केल्या. अशा आपत्तीत मिळकत थांबलेल्या कुटुंबाला हप्त्याची सवलतीची मुदत व पुनरुज्जीवनाचे नियम समजावून सांगणारा कोणी असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

नियमनाची चौकट

2015 च्या दुरुस्तीनुसार व्यक्तिगत प्रतिनिधीला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करता येते. त्याखेरीज एका सर्वसाधारण व एका आरोग्य विमा कंपनीचे काम त्याला करता येते. बहुस्तरीय विपणनास बंदी आहे. 1 एप्रिल 2016 पासून अमलात आलेल्या नियमावलीप्रमाणे, कंपनी सोडणाऱ्याने नियुक्तिपत्र व ओळखपत्र परत करावयाचे, जुन्या कंपनीने 15 दिवसांत समाप्ती प्रमाणपत्र द्यावयाचे आणि त्या प्रमाणपत्राच्या दिनांकापासून 90 दिवसांनंतरच नव्या कंपनीने अर्जाचा विचार करावयाचा, अशी पद्धती ठरली. याशिवाय 2015 मध्ये विमा विपणन संस्था हा नवा मार्ग खुला झाला. प्रारंभी अशा संस्थेला प्रत्येक वर्गातील दोन कंपन्यांशी करार करता येत असे. 2022 मध्ये ही संख्या सहा करण्यात आली. एकाच दुकानी अनेक कंपन्यांच्या पॉलिसी उपलब्ध झाल्यास प्रतिनिधीला कंपनी बदलण्याची गरज कमी भासते, हा यामागील विचार होय.

परतणाऱ्यांचा प्रश्न

महामंडळ सोडून पुन्हा परतलेल्या प्रतिनिधीला पूर्वीच्या व्यवसायावरील नूतनीकरण कमिशन मिळत नसे. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने पुनर्नियुक्त प्रतिनिधींना त्यासाठी पात्र ठरविले. त्याच वेळी प्रतिनिधींच्या उपदानाची मर्यादा 3 लाखांवरून 5 लाख रुपये करण्यात आली. महामंडळाच्या प्रतिनिधींची संख्या त्यावेळी 13 लाखांहून अधिक होती.

समारोप

व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्य प्रतिनिधीला असलेच पाहिजे. स्पर्धेचा तो स्वाभाविक भाग आहे. मात्र पॉलिसीचा करार कंपनी व पॉलिसीधारक यांच्यातील असतो, प्रतिनिधीशी नव्हे. म्हणून प्रतिनिधी गेल्यावर सेवेची जबाबदारी कंपनीने तत्काळ उचलणे आणि पॉलिसीधारकाने ‘जुनी मोडून नवी’ या सल्ल्याची शहानिशा करणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. विम्याचा प्रसार केवळ विकल्या गेलेल्या पॉलिसींवरून मोजता येत नाही. किती पॉलिसी दावा देय होईपर्यंत चालू राहिल्या, हाच त्याचा खरा निकष होय.