हाडं वाचणाऱ्या मुलीला कोडिंगच्या क्लासला का बसवता?

दहावीचा निकाल लागला की मानपाड्यातल्या पालकांकडून मला ठरलेला प्रश्न येतो : कॉम्प्युटर की एआय? निर्णय घरात आधीच झालेला असतो, माझ्याकडून नुसतं शिक्कामोर्तब हवं असतं. ते मी करणार नाही. ज्याला गणित मनापासून आवडतं त्याने खुशाल जावं. जेईई-सीईटीची माहिती तुम्हाला तोंडपाठ आहेच.

पण जीवशास्त्र आवडतं, डॉक्टर व्हायचं नाही आणि इतिहासही सुटत नाही, अशा मुलांना जैविक मानवशास्त्राचं, म्हणजे हाडं-दातांवरून माणूस वाचण्याच्या शास्त्राचं, नावसुद्धा कुणी सांगत नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली 200 हून अधिक दफनं निघाली. लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत, मोठी माणसं पावलं तोडून पुरलेली, तीही घराच्या जमिनीखाली. अशा दफनातली कवटी ब्रशने अलगद साफ करायची, तुकडे जुळवायचे, कॅलिपरने ठरलेल्या बिंदूंमधली अंतरं घ्यायची, दात तपासायचे आणि दुसऱ्या वस्त्यांमधल्या माणसांशी ताडून बघायचं. आहार बदलला की जबडाही बदलतो, म्हणून नुसत्या आकारावरून नातं ठरवता येत नाही. आता कानाच्या आतल्या टणक हाडातून डीएनए काढतात. हरियाणातल्या राखीगढी इथल्या हडप्पाकालीन स्त्रीच्या डीएनएवरचा वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 2019 साली आला.

हे काम सचोटीचं आहे. बर्लिनला शिकताना मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या. युरोपीय वंश श्रेष्ठ ठरावा, ही मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा. मोजमापांतून तसं निघालं नाही आणि इरावतीबाईंनी जे निघालं तेच प्रबंधात मांडलं. त्यांनी जर्मनीला जाणं सासरे महर्षी कर्वे यांना पसंत नव्हतं. पती दिनकर मात्र ठाम पाठीशी राहिले. पालकांनो, यातले तुम्ही कोण, ते आजच ठरवा.

बारावीनंतर आधी पदवी घ्या. मग डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा पुणे विद्यापीठात मानवशास्त्र. पार्ल्याच्या साठये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृतीचा विषय आहे, तिथे लोकलने जाता येतं. नोकऱ्या थोड्या आहेत : भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण, विद्यापीठं, संग्रहालयं. पीएच.डी. सहसा टळत नाही, पगार उशिरा सुरू होतो. हे मुलीला आजच स्पष्ट सांगा, आणि तरीही ती हो म्हणाली तर क्लासची भरलेली फी तिला ऐकवू नका.