संप्रेरकास निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आणि त्यांचे मोजमाप

गर्भधारणेच्या अगदी प्रारंभीच्या दिवसांत भ्रूणाकडून एक संप्रेरक मातेच्या रक्तात येऊ लागते. त्याचे पूर्ण नाव मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन असे असून व्यवहारात त्यास एचसीजी म्हणतात. बीजविमोचनानंतर अंडाशयात तयार होणाऱ्या पीतपिंडाचे आयुष्य एरवी सुमारे दोन आठवड्यांचे असते. एचसीजीचा आधार मिळाला म्हणजे ते टिकून राहते व प्रोजेस्टेरोन हे संप्रेरक स्रवत राहते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडत नाही. हा आधारच काढून घेतला, तर पाळी येते आणि गर्भ टिकत नाही.

एचसीजी ज्या कुळातील आहे त्या कुळातील संप्रेरकांचा उलट हेतूने उपयोगही भारतात झालेला आहे. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी एका अपत्यहीन स्त्रीच्या अंडाशयास चालना देण्याकरिता रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून मिळविलेली गोनॅडोट्रॉपिने वापरली, आणि देहाबाहेर फलन घडवून आणलेल्या गर्भापासून 3 ऑक्टोबर 1978 रोजी कन्या जन्मली. तेथे संप्रेरक बाहेरून पुरविण्याचा प्रश्न होता. त्याच दशकात दिल्लीत प्रा. गुरसरण प्रसाद तलवार आणि त्यांचे सहकारी मात्र शरीरानेच आपले संप्रेरक अडवावे, यासाठी लस तयार करीत होते. त्यांचा पहिला महत्त्वाचा अहवाल 1976 साली प्रसिद्ध झाला.

यात एक अडचण होती. शरीर आपल्याच पदार्थाविरुद्ध सहसा प्रतिपिंडे बनवीत नाही. म्हणून एचसीजीचा एक घटक धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषास जोडण्यात आला. परक्या पदार्थाच्या सोबतीने आलेला स्वकीयही मग परका ठरतो. कोणता घटक निवडावयाचा, हेही विचारपूर्वक ठरवावे लागले. एचसीजीचे दोन भाग आहेत. त्यांतील आल्फा हा भाग पोष ग्रंथीच्या इतर तीन संप्रेरकांतही असतो, आणि त्यांतील एक अवटू ग्रंथीस चालविणारे आहे. त्याविरुद्ध प्रतिपिंडे उठणे परवडणारे नव्हते. यासाठी बीटा हा भाग घेतला गेला.

आता मुख्य प्रश्न येतो. लस टोचल्यावर प्रतिपिंडे निर्माण झाली, हे कशावरून समजावे? संप्रेरकास किरणोत्सर्गी खूण लावून ते रक्तरसात मिसळले, तर त्यातील किती भाग प्रतिपिंडांशी जखडला हे मोजता येते. परंतु जखडणे आणि निष्प्रभ करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. संप्रेरकाचा जो भाग पेशीवरील ग्राहीस जाऊन भिडतो, तो मोकळा ठेवून प्रतिपिंड दुसऱ्याच बाजूस चिकटले, तर संप्रेरकाचे काम बहुधा चालूच राहील. चिकटण्याची पकड सैल असेल तर ते सुटूनही जाईल. दाराला कुलूप लावले आहे एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या दाराला लावले, हेही पाहावे लागते.

म्हणून जैव कसोटी घेतली जाते. एक जुनी पद्धत अशी: एचसीजी रक्तरसाबरोबर काही वेळ ठेवून ते मिश्रण वयात न आलेल्या उंदराच्या मादीस काही दिवस टोचतात. एचसीजी क्रियाशील राहिले असल्यास अंडाशयास चालना मिळते आणि गर्भाशयाचे वजन वाढते. निष्प्रभ झाले असल्यास वाढत नाही. दुसऱ्या पद्धतीत उंदराच्या वृषणातील लायडिग पेशी काढून काचपात्रात ठेवतात. त्यांना एचसीजी दिले की त्या टेस्टोस्टेरोन स्रवतात. एचसीजीच्या ठरावीक मात्रांना किती टेस्टोस्टेरोन निघते, याचा आलेख आधी काढून ठेवतात. पुढील गणित सोपे आहे. समजा, 10 नॅनोग्रॅम एचसीजी 0.1 मिलिलिटर रक्तरसात मिसळले आणि पेशींनी जणू 4 नॅनोग्रॅमच मिळाले असावे असा प्रतिसाद दिला. म्हणजे 6 नॅनोग्रॅम निकामी झाले, अर्थात एका मिलिलिटरमागे 60. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश होय. रक्तरसाचाच पेशींवर काही परिणाम होत नाही ना, याची शहानिशा करण्यासाठी लस टोचण्यापूर्वीच्या रक्तरसानेही तोच प्रयोग करावा लागतो. हे केल्यावाचून मिळालेला आकडा निरर्थक ठरतो.

या आकड्यावर काय अवलंबून होते, ते 1994 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून कळते. लसीच्या सुधारित स्वरूपात एचसीजीच्या बीटा भागास मेंढीच्या एका संप्रेरकाचा आल्फा भाग जोडलेला होता. ती लस अपत्ये झालेल्या 148 स्त्रियांना देण्यात आली. प्रतिपिंडे सर्वांच्या रक्तात आढळली. परंतु दर मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम एचसीजी निष्प्रभ करण्याइतकी पातळी 119 जणींतच ओलांडली गेली. त्या पातळीच्या वर असताना नोंदविलेल्या 1,224 ऋतुचक्रांत गर्भधारणा एकच झाली. उरलेल्या 29 स्त्रियांना त्या लसीवर विसंबता आले नसते, मग त्यांच्या रक्तरसाने केवळ ‘प्रतिपिंडे आहेत’ असे कितीही वेळा दाखविले असते तरी. या चाचणीतील स्त्रियांची ऋतुचक्रे बहुधा नियमित राहिली आणि बीजविमोचनही चालू राहिले, ही गोष्ट बीटा भागाच्या निवडीस पुष्टी देणारी होती.

प्रतिपिंडे कायम टिकत नाहीत. टोचण्या पुन्हा न दिल्यास पातळी उतरते; ती 35 नॅनोग्रॅमच्या खाली गेल्यावर स्त्रियांना पुन्हा गर्भधारणा झाली, आणि संततिनियमनाच्या साधनाकडून तशीच अपेक्षा असते. आरंभी मात्र पातळी चढण्यास काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात दुसरे साधन वापरणे भागच असते, आणि ते केव्हा थांबवावे, याचे उत्तरही रक्तरसाच्या कसोटीवरूनच मिळते.