चालणाऱ्या मुलीला व्हीलचेअरवर का बसवायचं?

"कॅलिपर लावून का होईना, आमची मुलगी चालते. तिला व्हीलचेअरवर कशाला बसवू?" व्हीलचेअर बास्केटबॉलचं नाव काढलं की आईवडील आधी हेच विचारतात. सायकलपटूला जशी सायकल, तशी या खेळाडूला खुर्ची. पोलिओमुळे, अपघातामुळे पायांना कायमचं अपंगत्व आलेली, पण घरात चालणारी मुलगीही इथे पात्र ठरू शकते.

आणि अपंगत्व जास्त असेल तर? तिची तर संघाला गरजच असते. प्रत्येक खेळाडूला तिच्या हालचालीच्या क्षमतेनुसार 1 ते 4.5 गुण मिळतात आणि मैदानावरच्या पाच जणींची बेरीज 14 च्या वर जाऊन चालत नाही. त्यामुळे कमी गुणांच्या खेळाडूंशिवाय संघ जमतच नाही. मैदान आणि 3.05 मीटर उंचीची बास्केट मात्र नेहमीचीच.

कोण खेळतंय?
माधवी लता यांच्या पुढाकाराने 2014 मध्ये या खेळाचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. मुंबईच्या निशा गुप्ता आणि गीता चौहान भारताकडून खेळल्या. गीता यांना लहानपणी पोलिओ झाला होता; निशा यांच्या कण्याला झाडावरून पडून इजा झाली होती. पॅरालिम्पिकमध्ये महिलांचे सामने 1968 पासून होतात. आपला महिला संघ अजून तिथवर पोहोचलेला नाही.

पोटापाण्याचं काय?
निव्वळ या खेळावर घर चालेल असं आज तरी समजू नका. खेळासोबत पदवी हवीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा राखीव आहेत. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मात्र कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं, हे स्पर्धेला जाण्याआधीच विचारून घ्या. पुढे प्रशिक्षक किंवा पंच होता येतं.

रायगडातून सुरुवात
आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. मग अलिबागला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. मुरूड-श्रीवर्धनहून रोजचा सराव अवघड आहे, हे खरं. पण मांडव्याहून रो-रो बोटीने गाडी आणि खुर्चीसकट तासाभरात मुंबईचा भाऊचा धक्का गाठता येतो. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबईत सराव आणि एरवी घरी दंड-खांद्यांचा व्यायाम, अशी घडी बसवता येते. खेळाची आयात खुर्ची लाखांच्या घरात जाते, तेव्हा खरेदीची घाई नको.

राहिली भीती पडण्याची. या खेळात खुर्च्या आदळतात, उलटतातही. म्हणून पट्टा बांधून खेळतात आणि पडल्यावर उठायचं कसं, हेही शिकतात. तेव्हा निर्णय घेण्याआधी मुलीला घेऊन एकदा सराव बघून या आणि परतीच्या बोटीत तिलाच विचारा.