चाकोरी

(रानाची राखण करावी, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु राखण करताना आपल्याच घरच्या माणसाचे नुकसान होणार असेल, तर काय करावे? एका विद्यार्थिनीपुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्याची ही हकीकत तिच्या गुरुजींनी सांगितली आहे.)

कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे दाट अरण्य पसरलेले आहे. संस्थानी अमदानीत हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. पुढे संस्थाने गेली आणि शिकारीचे दिवसही गेले. १९५८ साली गव्यांच्या रक्षणासाठी हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. १९८५ साली त्याची हद्द वाढवण्यात आली. आज राधानगरी अभयारण्य या नावाने ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत याचाही समावेश आहे. जेथे पूर्वी बंदुकीचे बार होत, तेथे आज गव्यांचे कळप चरताना दिसतात.

या रानात मधूनमधून विस्तीर्ण सडे आहेत. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. उन्हाळ्यात पाहावे तर तो काळाकभिन्न, ओसाड भासतो. नवख्या माणसास वाटते, येथे काय आहे? नुसता दगड! परंतु त्या दगडावर बोट-दोन बोटे जाडीचा मातीचा थर असतो आणि त्या थरातच सड्याचे सारे धन साठवलेले असते. पावसाच्या सरी आल्या की तेथे हिरवळ उगवते. पुढे दवबिंदू, सीतेची आसवे अशी इवलीशी कीटकभक्षी झाडे फुलतात. टिटवी तर येथे उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांच्या रंगाची ती अंडी चार पावलांवरूनही चटकन दिसत नाहीत.

या अभयारण्याच्या हद्दीतील एका वाडीतून आमच्या शाळेत एक मुलगी येत असे. ती सहावीत होती. वडील नसल्यामुळे आई, आजोबा आणि ती अशी तिघेही चुलत्याच्या आधाराने राहत. चुलत्याची रस्त्याकडेला लहानशी खाणावळ होती. रान पाहावयास येणारे प्रवासी तेथे जेवत आणि त्यावर घर चाले.

जून महिन्याचे पहिले दिवस होते. वळवाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. एका रविवारी ती मुलगी आजोबांबरोबर शेळ्या घेऊन सड्याच्या कडेला गेली होती. एवढ्यात मोठ्याने घरघर ऐकू आली. पाहते तो दोन उंच चाकांच्या जीपगाड्या रस्ता सोडून सड्यावर चढल्या होत्या! त्यांतील तरुण मोठ्याने ओरडत होते. ओल्या मातीत गाडी गरकन वळवावी, चिखल उडवावा, पुन्हा मागे यावे, असा त्यांचा खेळ पाऊण तास चालला होता. पलीकडे चरणारा गव्यांचा कळप उधळून रानात पळाला. एका टिटवीने तर आकांत मांडला होता.

गाड्या निघून गेल्यावर मुलगी सड्यावर गेली. चाकांनी हिरवे कोंब मुळासकट उपटून टाकले होते. जागोजागी खालचा तांबडा खडक उघडा पडला होता. एका चाकोरीच्या कडेला टिटवीची चार अंडी होती. त्यांतील तीन चिरडली होती. चौथ्यावर ती पाखरी पुन्हा येऊन बसली होती.

परतताना मुलीने पाहिले, त्या दोन्ही गाड्या चुलत्याच्या खाणावळीपुढे उभ्या होत्या. पाहुण्यांनी पोटभर जेवून दुप्पट पैसे दिले होते. “पुढच्या महिन्यात दहा गाड्या घेऊन येतो,” असे आश्वासनही दिले होते. चुलता आनंदात होता. मुलीने गाड्यांचे क्रमांक हातावर लिहून घेतले. पण ती कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. सारी हकीकत सांगून तिने विचारले, “गुरुजी, हे वनरक्षकाला सांगितले तर ती चहाडी होईल का? काकांचे गिऱ्हाईक तुटेल. त्यांच्याच जिवावर आम्ही जेवतो.”

मुलांनो, हा प्रश्न साधा नाही. मीही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. मी तिला म्हणालो, “बाळ, चहाडी आणि वर्दी या दोन शब्दांत काय फरक आहे, ते आधी पाहू. दुसऱ्याला कमीपणा यावा किंवा आपल्याला शाबासकी मिळावी, म्हणून जे कानात सांगतात, ती चहाडी. जे सर्वांचे आहे त्याला धोका पोहोचला असता ज्याच्याकडे त्याची राखण सोपवली आहे, त्याला जे उघडपणे कळवतात, ती वर्दी. चहाडी करणारा ऐकलेले आणि मनातले मिसळून सांगतो. वर्दी देणारा पाहिले तेवढेच सांगतो. तू घरी जाऊन आजोबांना विचार. त्यांचा शब्द तुझ्या काकांनाही मानावा लागेल.”

तिने रात्री आजोबांना विचारले. आजोबांचे वडील महाराजांच्या शिकारीत हाकाऱ्यांपैकी एक होते. ढोल वाजवून रान उठवणे हे त्यांचे काम. आजोबा म्हणाले, “पोरी, माझा बाप सांगायचा, शिकारीला बी नेम असतो. गाभण जनावरावर, पिलावर बार टाकायचा नाही. जनावराला पळायला वाट ठेवायची. ह्या गाड्यांनी अंड्यातल्या पिलाला तरी वाट ठेवली का? ही शिकार न्हवं, नासधूस हाय. तू सांग. तुझ्या काकाशी मी बोलतो.”

चुलता रागावला. “आपल्या पोटावर पाय देणार काय?” असे तो बोललाही. परंतु म्हाताऱ्याने हट्ट सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीने वर्दी लिहून आणली. तिची सुरुवात अशी होती : “काही दुष्ट व उन्मत्त लोकांनी आमच्या सड्याची राखरांगोळी केली.” मी लाल शाईने ते वाक्य खोडले आणि म्हणालो, “ते दुष्ट आहेत, हे तू पाहिलेस का? पाहिले ते लिही. वाटले ते वगळ.” तिने पुन्हा लिहिले. ते लेखन असे होते :

“रविवारी सकाळी साधारण दहा वाजता मी व माझे आजोबा सड्याच्या उत्तर कडेला होतो. दोन जीपगाड्या रस्ता सोडून सड्यावर आल्या. एक पांढरी व एक हिरवी होती. त्यांचे क्रमांक खाली लिहिले आहेत. गाड्या सुमारे पाऊण तास सड्यावर फिरत होत्या. गवे पळून गेले. मी नंतर जाऊन पाहिले, तेव्हा चाकोरीजवळ टिटवीची तीन अंडी फुटलेली होती. एक शाबूत होते. चाकांच्या खुणा अजून तशाच आहेत. आम्ही त्यांना हात लावलेला नाही.”

या वर्दीत एकही कठोर शब्द नाही, तरीही तिच्यापुढे कोणाचे काही चालले नसते. स्थळ, काळ, खूण आणि पुरावा या चारही गोष्टी तिच्यात आहेत. मी त्या मुलीसह वनचौकीत गेलो. वनरक्षकाने वर्दी वाचली, सड्यावर जाऊन खुणा मोजल्या, छायाचित्रे घेतली आणि वरिष्ठांना कळवले. गाडीमालकांचा शोध लागून त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला.

वनरक्षकाने त्या वेळी आम्हांस कायद्यातील एक गोष्ट समजावून सांगितली. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ बंदुकीने मारणे एवढाच नाही. वन्य प्राण्याला पकडण्यासाठी त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकून नेणे, पक्ष्यांची अंडी फोडणे, घरट्यांना उपद्रव देणे, हेही शिकारीतच मोडते. शिवाय अभयारण्यातील प्राण्यांच्या वसतिस्थानाची विनापरवाना नासधूस करणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने तेथे गुन्हा घडू न देणे व घडल्यास अपराधी शोधण्यास साहाय्य करणे, हे त्याचे कर्तव्यच आहे, असेही तो कायदा सांगतो. ते ऐकून मुलीचा चेहरा उजळला. आपण केले ती चहाडी नव्हती, हे तिला आता कायद्याच्या तोंडून कळले होते.

येथे एका दूरदेशीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकारीसाठीच राखलेल्या सरकारी जमिनी आहेत. त्यांतील पहिली जमीन १९२० साली खरेदी झाली. आज त्यांचे क्षेत्र सुमारे पंधरा लाख एकर आहे. परवाना घेऊन आणि ठरलेल्या हंगामात तेथे शिकार करता येते. परंतु खुला केलेला मार्ग सोडून त्या जमिनीवर मोटारवाहन फिरवण्यास तेथेही मनाई आहे, आणि कोणी तसे केल्यास पाहणारा नागरिक वन्यजीव अधिकाऱ्यांस कळवतो. जेथे बंदुकीला परवाना मिळतो, तेथेही मोकाट चाकाला मिळत नाही, याचे कारण काय बरे? गोळीने एक प्राणी मरतो. चाकाने त्या प्राण्याचे घरच मोडते. चाकाच्या भाराने माती दडपली जाते, तिच्यातील बारीक छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. मग तेच पाणी चाकोरीतून ओहोळासारखे धावते आणि उरलेली माती घेऊन जाते. सड्यावर तर मातीच बोटभर. ती गेली की पुन्हा साठण्यास पिढ्या लागतात.

मुलांनो, असा प्रसंग तुमच्यापुढे आला, तर काय करावे? गाडीला आडवे जाऊ नये. हुज्जत घालू नये. धाडसाने प्राण गमावण्यात शहाणपण नाही. दूर सुरक्षित जागी राहावे. ठिकाण, दिवस, वेळ, गाड्यांची संख्या, रंग व क्रमांक लिहून ठेवावा. खुणा पुसू नयेत. मग घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना सांगून वनरक्षकास कळवावे. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक अशाच कामासाठी आहे.

त्या वर्षी चुलत्याच्या खाणावळीत गिऱ्हाईक कमी झाले, हे मी लपवणार नाही. दहा गाड्या आल्या नाहीत. काही महिने घरात ओढाताण झाली आणि चुलता पुतणीशी धड बोलत नव्हता. पुढे भाद्रपदात सड्यावरची फुले आणि गवे पाहण्यासाठी पायी हिंडणारे प्रवासी येऊ लागले, तेव्हा खाणावळ सावरली. पण पूर्वीच्या दुप्पट पैशाची बरोबरी झाली नाही. योग्य गोष्ट केली की लगेच लाभ होतो, असे नेहमी घडत नाही.

निवृत्त झाल्यानंतर एकदा मी त्या सड्यावर गेलो होतो. ती जुनी चाकोरी अजून तेथे आहे. तिच्यात गवत उगवलेले नाही. पावसाचे तांबडे पाणी तिच्यातून वाहते. परंतु तिच्या शेजारी दुसरी चाकोरी मला दिसली नाही. पलीकडे एक टिटवी ओरडत होती. तिचे घरटे जवळच असावे, म्हणून मी आल्या वाटेने परत फिरलो.

शब्दार्थ

चाकोरी – गाडीच्या चाकाने जमिनीवर पडलेली खोलगट वाट. (लाक्षणिक) ठरलेली रीत.
अमदानी – राजवट, कारकीर्द.
हाकारे – आवाज करून शिकारीसाठी जनावरे पुढे हाकणारी माणसे.
रान उठवणे – गलबला करून रानातील जनावरे बाहेर काढणे.
वर्दी – घडलेल्या गोष्टीची अधिकाऱ्यास दिलेली खबर.
उन्मत्त – माजलेला, बेफाम.
पोटावर पाय देणे – उपजीविकेचे साधन हिरावणे.

स्वाध्याय

१. सडा ओसाड दिसत असला, तरी ओसाड नसतो. हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. चहाडी व वर्दी यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा. प्रत्येकाचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
३. गुरुजींनी मुलीचे पहिले वाक्य का खोडले?
४. ‘शिकारीला बी नेम असतो’ या आजोबांच्या बोलण्याचा अर्थ काय? हे वाक्य प्रमाण मराठीत लिहा.
५. चुलत्याची बाजू घेऊन पाच वाक्ये लिहा. नंतर आजोबांची बाजू घेऊन पाच वाक्ये लिहा. तुम्हांस कोणाचे म्हणणे अधिक पटते, ते सकारण सांगा.
६. पुढील वाक्यांतून ‘पाहिलेले’ व ‘वाटलेले’ वेगळे करा : (अ) ट्रक ओढ्याच्या काठी उभा होता. (आ) चालक लबाड होता. (इ) ट्रकमधून चार पोती ओढ्यात टाकली. (ई) त्यांना गावाचे वाईट व्हावे, असेच वाटत होते.
७. तुमच्या गावातील गायरान, तळे किंवा टेकडी यांपैकी एखाद्या ठिकाणी नासधूस होताना दिसली, अशी कल्पना करून दहा ओळींची वर्दी लिहा.