एक दुकान, दोन भाऊ आणि ओपनऑफिस



या आठवड्याच्या व्हिडिओत 'भागीदारी सुटल्यावर काम कसं वाटून घ्यायचं' हा विषय घेतला होता. वेळ संपला आणि मुद्द्याची गोष्ट राहून गेली. ती इथे लिहितो.

माझं अलिबागला दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, बिलबुकं आणि कॉटेजवाल्यांची रेटकार्डं अशी कामं असतात. जुना लॅपटॉप घेऊन येणारं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "दादा, ते फुकटवालं ओपनऑफिस टाकून द्या." मी टाकतो लिबरऑफिस. मग दोन मिनिटं समजवावं लागतं की बाबा, जुन्या घरातली माणसं आता इथे राहतात, फक्त पाटी तिकडे राहिली आहे.

झालं असं. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीला १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि तिच्या स्टारऑफिसचा कोड २००० मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. ते झालं ओपनऑफिस. जगभरातले लोक त्यावर काम करू लागले, काही पगारी, काही हौशी. २०१० च्या सुरुवातीला सन कंपनी ओरॅकलकडे गेली. नवे मालक कसे वागतील याचा भरवसा वाटेना, म्हणून जुन्या कार्यकर्त्यांनी २८ सप्टेंबर २०१० ला वेगळी चूल मांडली. संस्थेचं नाव द डॉक्युमेंट फाउंडेशन आणि सॉफ्टवेअरचं लिबरऑफिस. हे नाव तात्पुरतंच होतं बरं का. ओरॅकल जुनं नाव देईल अशी त्यांना आशा होती. ते मिळालं नाही. पण पुढच्या वर्षी संस्था उभी करायला ५० हजार युरो लागणार होते, ते देणग्यांतून आठ दिवसांत जमले. लोक कामामागे येतात ते असे. जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसचं नाव आणि कोड अपाचे फाउंडेशनला देऊन टाकला. झाली दोन घरं.

आता माझी गोष्ट. मी आणि माझा चुलत भाऊ एकाच गाळ्यात धंदा करायचो. वेगळे झालो तेव्हा गाळा, पाटी आणि दुकानाचा जुना मोबाइल नंबर त्याच्याकडे राहिला. माझ्याकडे डिझाइनच्या फाइली आणि दोन मशिनं आली. काम कोणी कोणतं करायचं, हे मात्र बोललोच नाही. दोघांनी हप्त्यावर तेच मोठं लॅमिनेशन मशिन घेतलं. नागाव, वरसोलीच्या त्याच कॉटेजवाल्यांना कोटेशन दिली. बारा रुपयांचं कार्ड त्याने दहाला दिलं, मी आठला आणि शेवटी सहाला कोणीतरी दिलं. त्या सीझनला मशिनचे हप्ते मी घरच्या पैशांतून भरले. बायकोला काय उत्तर द्यायचं ते कळेना.

लिबरऑफिस आणि ओपनऑफिस या दोघांनाही मजकूर लिहायचं, हिशेबाचं आणि प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअर बनवावं लागतं. म्हणजे धंदा तोच. पण काही गोष्टी सामाईक राहिल्या, त्यामुळे वापरणाऱ्याचं फार नुकसान झालं नाही. फाइलचा प्रकार एकच आहे, ओडीएफ. ते २००५ मध्ये ओएसिस संस्थेचं आणि २००६ मध्ये आयएसओचं मानक झालं. एका घरात केलेलं बिल दुसऱ्या घरात उघडतं. स्पेलिंग तपासणारं हनस्पेल हंगेरीत तयार झालं. ते दोन्हीकडे चालतं, फायरफॉक्स आणि क्रोममध्येही तेच आहे. आपली जोडाक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ हेही असंच सामाईक काम. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सगळ्या कॉम्प्युटरवर ते वापरतं आणि अँड्रॉइड फोनमध्येही तेच बसलेलं आहे. लोहित हा देवनागरी फॉण्ट रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतला आणि कोणीही वापरावा म्हणून मोकळा केला. प्रत्येकाने आपापला फॉण्ट काढत बसायची गरज उरली नाही.

पेणकडे बघा. हमरापूर, जोहे पट्ट्यात कच्च्या मूर्ती घडतात. त्या नेऊन रंगवणारे, डोळ्यांची आखणी करणारे कितीतरी कारखाने वेगळे आहेत. साचेवाला आणि आखणीवाला एकमेकांच्या गिऱ्हाइकावर हात मारत नाहीत.

पण ओपनऑफिसच्या घरात एक गाठ सुटली नाही. अपाचेच्या परवान्यामुळे त्यांचा कोड लिबरऑफिसला घेता येतो. उलट लिबरऑफिसचा नवा कोड अपाचे आपल्या परवान्याखाली घेऊ शकत नाही. रस्ता एकेरी. आणि नाव तिकडे, कामगार इकडे. ओपनऑफिसची ४.१ ही मालिका २०१४ ची आहे, त्यानंतर त्यात मुख्यतः दुरुस्त्या आल्या. लिबरऑफिसची नवी आवृत्ती सहा-सहा महिन्यांनी येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ओपनऑफिसला वीस वर्षं झाली, तेव्हा डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचेला खुलं पत्र लिहिलं : तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान लिबरऑफिस आहे एवढं तरी सांगा. तसं झालं नाही. नाव ठेवायचा अपाचेला पूर्ण हक्क आहे, त्यात चूक काढता येणार नाही. पण जुन्या नावाने शोधणारं गिऱ्हाईक अजून जुन्याच दारात उभं राहतं, हे मला खटकतं.

हे सगळं मी भावाला चहावर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी अपाचे का रे?" हसलो दोघंही. मग वहीचं एक पान घेतलं. बिलबुकं आणि फॉर्म त्याचे. कार्डं, बॅनर, डिझाइन माझं. लॅमिनेशनला एकच मशिन ठेवायचं, दुसरं विकायचं, पैसे निम्मे. डिझाइनच्या फाइली दोघांना उघडतील अशा एकाच प्रकारात ठेवायच्या. उधारीवाल्यांची यादी एकच, म्हणजे इकडे बुडवून तिकडे जायला नको. आणि जुन्या नंबरवर कार्डाचं काम आलं तर त्याने माझा नंबर द्यायचा, फॉर्मचं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं तर मी त्याच्याकडे पाठवायचं. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

तुमची भागीदारी सुटत असेल तर जुना फोन नंबर कोणाकडे जाणार हे आधी लिहा, गल्ला आणि मशिनं नंतर. आम्ही ते कलम सगळ्यात शेवटी लिहिलं आणि तेच सगळ्यात कच्चं राहिलं. गेल्या मे महिन्यात भावाने कॉटेजवाल्यांची तीन कामं पाठवली. गणपतीच्या आधी मंडळाच्या बॅनरचं एक मोठं काम मात्र त्यानेच करून टाकलं, मला मंडपात गेल्यावर कळलं. दिवाळीत पुन्हा बसणार आहोत, तेच पान घेऊन.